पांडवलेण्यातला भैरव: देवांची सरमिसळ नेमकी कशात होते?

प्रश्न असा आहे: नाशिकच्या पांडवलेण्यातलं दहा नंबरचं लेणं बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेलं, मग त्याच्या मागच्या भिंतीवर भैरव कसा? जुन्या धर्मांतले देव एकमेकांत मिसळले ते राजांनी ठरवून मिसळवले, की लोकांनी? आणि आपली सप्तशृंगी मूळची डोंगरातली की पुराणातली?

मी मूर्तिशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांना घेऊन त्रिरश्मीच्या, म्हणजे या लेण्यांच्या डोंगराच्या, पायऱ्या चढणं हा कामाचाच भाग, त्यामुळे हे प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत. सुरुवात भैरवापासूनच करू.

दहा नंबरचं लेणं उषवदाताने दिलेलं. हा क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाचा जावई, म्हणजे शक. लेण्याच्या मागच्या भिंतीवर मुळात एक स्तूप उठावात कोरलेला होता. तो कसा दिसत असेल हे बघायला लांब जायला नको, तीन नंबरच्या लेण्यात तसाच स्तूप आजही शाबूत आहे. दहा नंबरमध्ये मात्र पुढे कधीतरी कुणीतरी छिन्नी लावून त्या स्तूपाच्याच दगडातून भैरव काढला. डोळे अंधाराला सरावले की भैरवाच्या डोक्यावर बघा, स्तूपाच्या छत्रांचा आकार ओळखू येतो. हे दाखवलं की वर्गात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो हे अतिक्रमण, दुसरा म्हणतो हा समन्वय.

माझ्या मते ही देवांची सरमिसळ नाहीच. भैरवाला स्तूपाचा एकही गुण चिकटलेला नाही. त्या स्तूपापुढे बसणारे भिक्षू गेले, पण भिंत पूजेची आहे ही आठवण राहिली, आणि नंतर आलेल्याने तिथे आपला देव बसवला. जागा वारशाने मिळाली, श्रद्धा मिळाली नाही. डोंगराचं नावच बघा ना. लेण्यांतल्या लेखांत हा डोंगर 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी. भिक्षूंची आठवण पुसली गेल्यावर एवढं मोठं काम पांडवांशिवाय कोण करणार, म्हणून ती पांडवलेणी झाली. महाराष्ट्रात अशी पांडवांच्या नावावर चढलेली लेणी किती तरी सापडतील. पांडव आणि बुद्ध यांचं मीलन त्यात कुठेही नाही.

दुसरा घोटाळा याच लेण्यात होतो. उषवदाताचा मोठा लेख वाचला की लोक म्हणतात, बघा, तेव्हा सगळे धर्म एकच होते. लेखात काय आहे ते पाहा. याने तीन लाख गाई दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, प्रभास तीर्थावर आठ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, मालय लोकांवर स्वारी करून परतताना पुष्करला स्नान केलं आणि तीन हजार गाई दिल्या. आणि मग गोवर्धनात, त्रिरश्मी डोंगरावर, भिक्षूंसाठी लेणं कोरलं. आकडे फुगवलेले असतील, दानलेखात ते चालायचंच. पण हिशेबाचा भाग अगदी कोरडा आणि नेमका आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने तीन हजार कार्षापण नाणी कायमची ठेवली: दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. त्यातल्या दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाच्या चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. आजच्या भाषेत मुदत ठेव.

यात सरमिसळ कुठे आहे? ब्राह्मणाला गाय आणि भिक्षूला चीवर. ज्याला जे चालतं तेच त्याला दिलं आहे. परक्या मुलखातून आलेल्या राजवटीला इथल्या सगळ्या मानाच्या घरांत ऊठबस हवी होती, ती त्याने दानाने मिळवली. तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख तर याहून गमतीचा आहे. नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी तिने हे लेणं भदावनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिलं, आणि त्यातच आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन केलं: पराक्रमात राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारखा, अद्वितीय ब्राह्मण, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा. बौद्ध विहाराच्या भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याची फुशारकी! भिक्षूंनी ती खपवून घेतली, कारण लेणं मिळत होतं. शेजारधर्म आणि आश्रय हा एक प्रकार झाला. देव मिसळणं हा वेगळा.

मग खरी सरमिसळ या डोंगरावर दिसते कुठे? देवांत नाही, माणसांच्या नावांत. सतरा नंबरच्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त. तो स्वतःला योनक, म्हणजे यवन, ग्रीक म्हणवतो. उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा रहिवासी. बापाचं नाव धम्मदेव, मुलाचं नाव धम्मरखित. आईबापांसाठी हे लेणं केलं आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी संघाला दिलं. एक ग्रीक माणूस, नावात इंद्र आणि अग्नी हे वेदातले देव, मागची-पुढची पिढी धम्माच्या नावाची, आणि दान बुद्धाला. दुसरं उदाहरण आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाच्या लेखातलं, तेही दहा नंबरच्याच आवारात. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी श्रेणींकडे ठेव ठेवणारी उपासिका. जातीने शक, बापाचं नाव अग्निवर्मा, तिचं स्वतःचं विष्णुदत्ता. या माणसांना 'तुमचा धर्म कोणता' असं विचारलं असतं तर त्यांना बहुधा प्रश्नच कळला नसता. आधी माणसं मिसळतात: लग्नात, बाजारात, बारशाला. देव त्यांच्या मागून येतात, आणि कधीकधी येतही नाहीत.

आता नाशिकबाहेर जाऊ, कारण देवाला देव जोडण्याची पद्धत तिथे उघड्यावर दिसते.

पहिली गरज शपथेची. तह करायचा तर साक्षीला दोन्हीकडचे देव लागतात. फक्त माझ्या देवाची शपथ तुला बांधणार नाही. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात पश्चिम आशियातल्या हित्ती लोकांचा राजा सुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मितान्नी राज्याचा शत्तिवाझ यांच्यात तह झाला. त्याच्या मातीच्या पाट्या आजच्या तुर्कस्तानात सापडल्या. त्यांत दोन्हीकडच्या देवांच्या लांबलचक याद्या आहेत, आणि मितान्नीच्या बाजूला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे आपले अश्विनीकुमार, ओळीने उभे आहेत. तिथे देव मिसळलेले नाहीत, फक्त एका पंक्तीला बसले आहेत. पण वारंवार एका पंक्तीला बसले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तुमच्यात हे काम कोण बघतो? पाऊस कोण पाडतो? तोच आमचा अमुक. ग्रीक लोकांना ही सवय फार. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इजिप्तबद्दल लिहितो तेव्हा तिथला आमोन म्हणजे आपला देवांचा राजा झ्यूस आणि ओसिरिस म्हणजे डायोनिसस असं सरळ सांगून मोकळा होतो. पुढे अलेक्झांडर ख्रि. पू. ३३१ मध्ये इजिप्तमधल्या सिवाच्या वाळवंटी देवस्थानी गेला तो याच आमोन-झ्यूसचा कौल घ्यायला.

हे 'तोच हा' म्हणणं प्रत्यक्ष कसं घडतं, याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा अफगाणिस्तानातला आहे. रबातक इथे १९९३ साली कुषाण राजा कनिष्काचा शिलालेख मिळाला. भाषा बॅक्ट्रियन, लिपी ग्रीक. त्यात राजाने देवांच्या मूर्ती करवल्या त्यांची यादी आहे: नाना, उम्मा, अहुरमज्द, मिहिर वगैरे. त्यांपैकी स्रोशर्द या इराणी देवाच्या नावाजवळ, ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेत, बारीक अक्षरांत भर घातली आहे: याला हिंदी लोक महासेन म्हणतात, विशाख म्हणतात. म्हणजे आपला कार्तिकेय. लेख कोरून झाल्यावर किंवा कोरताना कुणाला तरी वाटलं असावं की इकडच्या वाचणाऱ्याला हे कळणार नाही. सरमिसळ बऱ्याचदा एवढीच असते, ओळीवर लिहिलेली टीप. कनिष्काची नाणीही तशीच: सुरुवातीला सूर्य-चंद्रांची हेलिओस, सेलेने अशी ग्रीक नावं, पुढे त्याच ठेवणीच्या आकृत्यांखाली मिइरो आणि माओ ही इराणी नावं. ओएशो नावाचा त्रिशूळधारी देव आहे, इतर कुषाण राजांच्या नाण्यांवर त्याच्याजवळ बैलही दिसतो. आपल्याला तो शिवच वाटतो. आणि बोड्डो म्हणून चक्क बुद्ध. नाणं सगळ्यांच्या हातात जाणार, तेव्हा देव सगळ्यांच्या ओळखीचे हवेत. व्यापारी शहाणपण.

राजाने ठरवून देव घडवण्याचं शुद्ध उदाहरण म्हणजे सेरापिस. अलेक्झांडरनंतर इजिप्तची गादी त्याचा सेनापती टॉलेमी याच्याकडे आली. राज्यकर्ते ग्रीक, प्रजा इजिप्शियन. मेंफिसला आपिस हा पवित्र बैल मेल्यावर ओसिरिसशी एकरूप होतो अशी जुनी श्रद्धा होती, त्या ओसिरिस-आपिसला घेऊन ग्रीक रूप दिलं: दाढीवाला, झ्यूससारखा, पायाशी पाताळाचा कुत्रा, डोक्यावर धान्य मोजायचं मापटं. इजिप्त धान्यावर चालणारा देश, तेव्हा मापटं डोक्यावर घेतलेला देव ही कल्पना मला फार हुशारीची वाटते. अलेक्झांड्रियात त्याचं भव्य मंदिर उभं राहिलं. ते ख्रिस्ती काळात, इ. स. ३९१च्या सुमारास पाडलं गेलं. म्हणजे ही पूजा सहा शतकांहून जास्त टिकली, रोमपर्यंत पसरली. तरी गंमत अशी की ज्यांना जोडून घेण्यासाठी हा खटाटोप केला असं मानतात, त्या इजिप्तच्या गावकऱ्यांनी या नव्या रूपाला फारसं जवळ केलं नाही. त्यांचा ओसिरिस आणि त्यांची इसिस त्यांना पुरेशी होती. सेरापिस खऱ्या अर्थाने वाढला तो ग्रीक आणि रोमनांच्यात.

उलट उदाहरण जेरुसलेमचं. ख्रि. पू. १६७ मध्ये ग्रीक राजा अंतियोकस चौथा याने तिथलं ज्यूंचं मंदिर ऑलिंपियन झ्यूसला वाहिलं. ज्यूंपैकी काही ग्रीक वळणाला सरावलेले होते, पण वेदीवर वेगळा बळी दिला गेला आणि मक्काबी या ज्यू घराण्याचा उठाव पेटला. अंतियोकसच्या हिशेबाने तो फक्त नाव बदलत होता, सगळेच तर देवाला झ्यूस म्हणतात! पण तिथल्या लोकांच्या दृष्टीने त्याने नैवेद्याला हात घातला होता.

राजांनी की लोकांनी, या प्रश्नाला माझं उत्तर इथून येतं. देवाचं नाव बदलणं सोपं असतं. राजा ते एका पिढीत बदलतो, पुराणिक एका कथेत बदलतो. मूर्तीही बदलते. सर्वांत शेवटी बदलतात त्या तीन गोष्टी: देवाला काय चढतं, त्याचा वार-तिथी कोणती, आणि मान कोणाचा. त्या लोकांच्या हातात असतात. म्हणून एखाद्या देवात किती थर आहेत हे बघायचं असेल तर आरती ऐकू नका, स्वयंपाक कसला चाललाय ते बघा.

इंग्लंडमधल्या बाथ गावी गरम पाण्याचा झरा आहे. तिथली स्थानिक देवी सुलिस. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या देवीचं नाव देऊन मिनर्व्हा म्हटलं, मंदिर बांधलं, आणि ती सुलिस मिनर्व्हा झाली. तिथे झऱ्यात टाकलेले शिशाचे पत्रे मिळाले आहेत, त्यांवर लॅटिनमध्ये तक्रारी: माझा अंगरखा चोरला, चोराला झोप लागू देऊ नकोस. आपल्याकडे गावदेवाला गाऱ्हाणं घालतात त्यातलाच प्रकार. नाव जोडलं गेलं, लॅटिन लिपी आली, पण पाण्याच्या देवीला जे द्यायचं ते पाण्यातच टाकायचं हे राहिलं.

देव जोडण्याचा अजून एक जुना मार्ग म्हणजे त्यांची लग्नं लावणं. ग्रीसमध्ये डोडोनाला झ्यूसची बायको हेरा नाही, डायोनी आहे. ठिकठिकाणच्या देवींना झ्यूसच्या घरात आणताना हे असंच झालं. आपल्याला याचं नवल वाटू नये. मालेगावजवळचं चंदनपुरी हे बाणाईचं गाव. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची, आणि दोघींचं भांडण तर जागरणात रंगवून गातात. खंडोबा एकीकडे मार्तंड भैरव म्हणजे शिवाचा अवतार, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा खाणारा. दुसरीकडे मेंढपाळांचा देव, आणि बाणाईच्या बाजूने बोकडही येतो. दोन समाज एका देवाभोवती आले, पण दोघांनी आपापली चूल सोडली नाही. सवतींचं भांडण हे त्या जोडणीचं शिवण आहे, आणि ते मुद्दाम उसवून दाखवलं जातं.

मात्र सगळं कायमचंच जोडलं जातं असंही नाही. नाशिकलाच वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री कपालेश्वर आणि सुंदरनारायण यांची हरिहर भेट होते. विष्णूला बेल वाहतात, शंकराला तुळस. वर्षातून एक रात्र उलटापालट, आणि ती दुसऱ्या दिवशी संपते. शैव-वैष्णव एकच आहेत हे त्यातून सांगितलं जातं, बरोबर. पण एरवी बेल कोणाची आणि तुळस कोणाची हेही त्याच विधीने पक्कं होतं. त्र्यंबकेश्वरचं मिश्रण मात्र जास्त मुरलेलं आहे: ज्योतिर्लिंगाच्या गावात, नाथपंथाच्या दीक्षेतल्या निवृत्तिनाथांच्या समाधीला, पौष वद्य एकादशीला विठ्ठलाचे वारकरी दिंड्या घेऊन येतात. यात विसंगती आहे असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटत नाही.

आता सप्तशृंगी. तिचं एक रूप पुराणातलं आहे: अठरा हातांची महिषासुरमर्दिनी, समोर मार्कंडेय ऋषींचा डोंगर, साडेतीन पीठांतलं अर्ध पीठ. हे नाव आणि कथा झाली. आता मानाकडे बघा. शिखरावर निशाण लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे, आणि त्या सुळक्यावर चढायला धड वाट नाही. दसऱ्याच्या बोकडबळीची प्रथा बघा. चैत्रात पायी येणारा खानदेश बघा. गडावर गर्दी होते ती पोथी ऐकायला नव्हे, कुळाच्या आईला भेटायला. त्याच कळवण-सुरगाणा-बागलाणच्या पट्ट्यात कोकणा आणि भिल्ल मंडळी मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव बसवतात, तोही डोंगराचाच देव. २०२२ मध्ये देवीवरचा पिढ्यान्‌पिढ्या साचलेला शेंदराचा लेप काढला, तेव्हा आतली कोरीव मूर्ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. अनेकांना ती आपली देवीच वाटेना, कारण नवस बोलले होते ते शेंदराच्या रूपाला.

मग मूळची कोणाची? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. 'मूळ' शोधायला गेलं की आपण एका थराला खरा आणि बाकीच्यांना खोटा ठरवतो. डोंगराची पूजा आधीची आणि महिषासुराची कथा नंतर आली असणं, ही माझी अटकळ आहे. मान आणि नैवेद्य तिकडे बोट दाखवतात. पण आज जी देवी आहे ती दोन्हींशिवाय उभी राहत नाही.

थोडं सावधही करतो, कारण हा विषय घसरडा आहे. दोन देव सारखे दिसले म्हणजे एकातून दुसरा निघाला असं होत नाही. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात हारीती आहे, मुलं खाणारी यक्षी, जी बुद्धाच्या उपदेशाने मुलांची राखणदार झाली. आपल्याकडे पाचवीला सटवाई पूजतात. लगेच 'सटवाई म्हणजे हारीतीच' असं ठोकून देणारे भेटतात. बाळंतिणीच्या खोलीतली भीती सगळीकडे सारखीच असते, तिथे देवी वेगवेगळ्या उगवू शकतात. तसंच रोमन सैनिकांच्या मिथ्रासचं: नाव इराणी मित्राचंच आहे, पण त्याच्या देवळातलं बैल मारण्याचं मुख्य शिल्प इराणात सापडत नाही. नाव प्रवास करून आलं, मजकूर बहुतेक रोमन साम्राज्यात भरला. नावांच्या सारखेपणावर उभे केलेले असले मनोरे संदेशांतून रोज फिरतात. त्यातला एकही दान, विधी किंवा मान यांच्या पुराव्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या टोकाला 'प्रत्येक देऊळ मुळात विहार' किंवा 'प्रत्येक ग्रामदेव मुळात वैदिक' म्हणणारे आहेत. दोघांनाही मी एकच विचारतो: त्या जागेचा पुजारी कोण, आणि नैवेद्य काय?

तुम्ही पांडवलेण्यांवर गेलात तर क्रम असा ठेवा: आधी तीन, मग दहा, मग सतरा. तीनचा स्तूप डोळ्यांत असल्याशिवाय दहाच्या भैरवामागचा स्तूप दिसत नाही. आणि चंपाषष्ठीला किंवा चैत्रात कुणाच्या घरी जाणं झालं तर स्वयंपाकघरातल्या आजीला विचारा, देवाला काय लागतं, कोणत्या वारी, आणि पहिलं पान कोणाचं. ती सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा.